डिस्लोकेशनचा प्रश्न: आधी बाण, मग आकडे

मेटलर्जीच्या किंवा मेकॅनिकलच्या पेपरात डिस्लोकेशनवरचा, म्हणजे क्रिस्टलमधल्या अणूंच्या मांडणीतल्या रेषेसारख्या दोषावरचा, प्रश्न दिसला की बरेच जण लगेच श्मिडचं सूत्र (ओढीच्या स्ट्रेसवरून सरकणाऱ्या थरावरचा शिअर स्ट्रेस काढायचं) लिहितात, दिलेले दोन कोन त्यात टाकतात आणि उत्तराखाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. गुणाकार सहसा बरोबर असतो, चुकलेली असते ती भूमिती. कोन प्लेनपासून (अणूंच्या सपाट थरापासून) मोजला की प्लेनच्या लंबापासून, अणू कुठे सरकले, डिस्लोकेशनची रेषा कुठे सरकली, या गोष्टी एकमेकांत मिसळल्या की पुढचं सगळं गणित वाया जातं. गेट परीक्षेच्या तयारीत असलेली हुशार मुलंसुद्धा इथेच गुण घालवतात, आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

या लेखात तांब्याचा एकच सिंगल क्रिस्टल (सगळे अणू एकाच सलग मांडणीत असलेला तुकडा) घेऊ, त्याला [१ २ ३] या दिशेने ओढू आणि बर्गर्स व्हेक्टरपासून कठीण झालेल्या पत्र्याच्या ताकदीपर्यंत जाऊ. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं.

## तयारी: पेन उचलण्याआधी

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चार बाणांची नावं लिहा:

- रेषेची दिशा: डिस्लोकेशनची रेषा ज्या दिशेने पसरलेली आहे ती
- बर्गर्स व्हेक्टर: क्रिस्टलचा एक भाग दुसऱ्यावरून जितका आणि ज्या दिशेने सरकतो तो
- रेषेची चाल: डिस्लोकेशन स्वतः ज्या दिशेने पुढे जातं ती
- प्लेनचा लंब: स्लिप प्लेनला, म्हणजे ज्या थरावर क्रिस्टल सरकतो त्याला, काटकोनात असलेली दिशा

पुढच्या बहुतेक चुका यातले दोन बाण एकच समजल्यामुळे होतात.

मग धातूची माहिती एका ओळीत लिहा. तांबं एफसीसी आहे, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी अणू. लॅटिस पॅरामीटर (त्या घनाची बाजू) ०.३६१५ नॅनोमीटर, शिअर मॉड्युलस साधारण ४८ गिगापास्कल. स्लिप (थर एकमेकांवरून सरकणं) सुरू होण्यासाठी लागणारा क्रिटिकल शिअर स्ट्रेस आपल्या प्रश्नात ०.७० मेगापास्कल दिला आहे असं धरू. अतिशुद्ध तांब्यासाठी तो याच आसपास असतो.

कंसांकडेही बघा. गोल कंस म्हणजे एक ठरावीक प्लेन, चौकोनी कंस म्हणजे एक ठरावीक दिशा. महिरपी कंसात प्लेनचं अख्खं कुटुंब येतं आणि टोकदार कंसात दिशांचं. स्लिप सिस्टिम विचारली असेल तर उत्तरात ठरावीक प्लेन आणि ठरावीक दिशा हवी. तिथे कुटुंब लिहिलं तर अर्धंच उत्तर दिल्यासारखं होतं.

सावधान: (१ १ १) प्लेनचा लंब [१ १ १] हे फक्त क्युबिक रचनेत चालतं. मॅग्नेशियम किंवा झिंकच्या प्रश्नात हीच सवय घेऊन गेलात तर उत्तर हमखास चुकेल.

## १. बर्गर्स व्हेक्टर लिहा

आकृती दिलेली असेल तर बर्गर्स सर्किट काढावं लागतं. ते या क्रमाने काढा:

१. रेषेची दिशा ठरवा आणि बाणाने दाखवा. कागदातून बाहेर की आत, काहीही चालेल, पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही.
२. उजव्या हाताचा अंगठा त्या दिशेला धरा. बोटं वळतात तसं सर्किट फिरवायचं.
३. डिस्लोकेशनपासून लांब, जिथे अणूंच्या ओळी व्यवस्थित आहेत अशा ठिकाणी सुरुवात करा आणि अणू मोजत सर्किट पूर्ण बंद करा.
४. तेवढीच पावलं, त्याच क्रमाने, निर्दोष क्रिस्टलच्या आकृतीत चाला. इथे सर्किट बंद होणार नाही.
५. शेवटच्या अणूपासून पहिल्या अणूपर्यंत बाण काढा. हाच बर्गर्स व्हेक्टर.

एज डिस्लोकेशनमध्ये अणूंची एक जादा अर्धी ओळ क्रिस्टलमध्ये मध्येच संपते; ती वरच्या भागात असेल तर खऱ्या क्रिस्टलमध्ये वरच्या बाजूला ५ पावलं आणि खालच्या बाजूला ४ पावलं टाकून सर्किट बंद होतं. निर्दोष क्रिस्टलमध्ये मात्र ५ आणि ४ जुळत नाहीत, एका पावलाची फट राहते. ही फट दिसली नाही तर सर्किटच्या आत डिस्लोकेशन आलेलंच नाही, किंवा मोजताना एखादा अणू सुटला आहे.

सर्किट डिस्लोकेशनच्या गाभ्यातून नेणं ही इथली नेहमीची चूक. गाभ्यात अणूंच्या ओळी इतक्या वाकलेल्या असतात की "एक पाऊल" म्हणजे किती हेच ठरवता येत नाही. दुसरी चूक चिन्हाची. रेषेची दिशा उलटी धरली की बर्गर्स व्हेक्टरचं चिन्हही उलटतं. म्हणून तुमचं चिन्ह उत्तरसूचीपेक्षा वेगळं आलं तर लगेच खोडू नका, आधी दोघांनी रेषेची दिशा कशी धरली आहे ते बघा.

आकृती नसेल, फक्त धातूचं नाव असेल, तर काम सोपं. पूर्ण डिस्लोकेशनचा बर्गर्स व्हेक्टर म्हणजे एका अणूपासून सर्वांत जवळच्या अणूपर्यंतचं अंतर. एफसीसीमध्ये तो पृष्ठकर्णाच्या अर्धा, म्हणजे लॅटिस पॅरामीटर भागिले वर्गमूळ २. बीसीसीमध्ये (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू) तो मुख्य कर्णाच्या अर्धा. तांब्यासाठी ०.३६१५ भागिले १.४१४, म्हणजे ०.२५६ नॅनोमीटर.

तपासणी: ॲल्युमिनियमसाठी हा आकडा ०.२८६ आणि साध्या तापमानाच्या लोखंडासाठी ०.२४८ नॅनोमीटर येतो. नेहमीच्या धातूंत तो पाव नॅनोमीटरच्या आसपास असतो. तुमचं उत्तर ०.३६ आलं असेल तर तुम्ही लॅटिस पॅरामीटरच बर्गर्स व्हेक्टर म्हणून लिहिला आहे.

## २. डिस्लोकेशन कुठल्या जातीचं, ते ठरवा

रेषेची दिशा आणि बर्गर्स व्हेक्टर यांच्यातला कोन बघा. काटकोन असेल तर एज, शून्य असेल तर स्क्रू, मधला कोणताही असेल तर मिश्र. निकष एवढाच आहे. आकृतीत जादा अर्धी ओळ "दिसते का" यावरून जात ठरवू नका, मिश्र डिस्लोकेशनमध्ये डोळे फसतात.

एकाच डिस्लोकेशनचा बर्गर्स व्हेक्टर रेषेवर सगळीकडे सारखा असतो. रेषा वळते, बर्गर्स व्हेक्टर वळत नाही. त्यामुळे एकच वाकडी रेषा एका ठिकाणी एज असते, दुसऱ्या ठिकाणी स्क्रू आणि मध्ये मिश्र. "हे डिस्लोकेशन एज आहे" असं अख्ख्या वाकड्या रेषेबद्दल लिहिणं म्हणूनच चूक. आणि रेषा क्रिस्टलच्या आत मध्येच संपू शकत नाही. ती पृष्ठभागावर, ग्रेन बाउंडरीवर (दोन शेजारी क्रिस्टलच्या सीमेवर) किंवा दुसऱ्या डिस्लोकेशनच्या गाठीवर संपते, नाहीतर स्वतःलाच मिळून वलय होते. उत्तरपत्रिकेत हवेत संपलेली रेषा काढली की परीक्षकाला पुढचं वाचावंसं वाटत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

स्लिप प्लेनही इथेच ठरतं. रेषा आणि बर्गर्स व्हेक्टर हे दोन्ही बाण ज्या प्लेनमध्ये मावतात ते स्लिप प्लेन. एजसाठी असं एकच प्लेन असतं. स्क्रूमध्ये दोन्ही बाण एकाच ओळीत असल्याने ती ओळ ज्यातून जाते असं कुठलंही स्लिप प्लेन चालतं. अडथळा आल्यावर स्क्रू डिस्लोकेशन दुसऱ्या प्लेनवर उतरू शकतं ते यामुळेच. याला क्रॉस स्लिप म्हणतात. एजला ही सोय नाही. त्याला आपलं प्लेन सोडायचं तर रिकाम्या जागा पसरत याव्या लागतात, म्हणजे क्लाइंब, आणि ते काम तापमानाशिवाय होत नाही. वितळण्याच्या केल्व्हिन तापमानाच्या साधारण ०.४ पटीखाली ते जवळजवळ विसरून गेलं तरी चालतं.

## ३. कोण कुठे सरकतं?

इथे घाई करू नका. माझ्या मते डिस्लोकेशनचा विषय कळला की नाही, ते याच पायरीवर ठरतं.

वर्गात नेहमी सतरंजीच्या सुरकुतीचं उदाहरण दिलं जातं: सतरंजी अख्खी ओढण्यापेक्षा सुरकुती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकवणं सोपं. कमी स्ट्रेसमध्ये धातू का वाकतो, ते यातून पटतं. पण हे उदाहरण फक्त एज डिस्लोकेशनचं आहे. सुरकुती ज्या दिशेने जाते त्याच दिशेने सतरंजीही सरकते, म्हणून मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की डिस्लोकेशनची चाल नेहमी बर्गर्स व्हेक्टरच्या दिशेने असते. स्क्रूचा प्रश्न आला की हीच समजूत आडवी येते.

नियम असा: रेषा स्लिप प्लेनमध्ये नेहमी स्वतःला काटकोनात सरकते. क्रिस्टल मात्र नेहमी बर्गर्स व्हेक्टरच्या दिशेनेच सरकतो. एजमध्ये हे दोन बाण एकाच ओळीत येतात, स्क्रूमध्ये काटकोनात.

कोऱ्या कागदावर हे करून बघा. कागद म्हणजे स्लिप प्लेन. मधोमध वाटीएवढं वर्तुळ काढा, हे डिस्लोकेशनचं वलय. बाजूला उजवीकडे जाणारा एक बाण काढा, हा बर्गर्स व्हेक्टर. आता वर्तुळावर चार बिंदू मांडा. अगदी उजव्या बिंदूवर रेषा उभी आहे आणि बाण आडवा, म्हणजे एज. अगदी डावीकडेही एज, पण उलट चिन्हाचं: एकाची जादा अर्धी ओळ कागदाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याची खालच्या अंगाला. वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रेषा आडवी आहे, बाणाला समांतर, म्हणजे दोन्ही ठिकाणी स्क्रू, आणि तीही एकमेकांच्या उलट. उरलेलं सगळं वर्तुळ मिश्र.

आता शिअर स्ट्रेस लावा. वलय चहूबाजूंनी पसरतं. उजवं एज उजवीकडे जातं, डावं डावीकडे, वरचा स्क्रू कागदाच्या वरच्या कडेकडे, खालचा खालच्या कडेकडे. चार बिंदू चार दिशांना गेले, पण त्या सगळ्यांनी मिळून केलेलं काम एकच: कागदाच्या वरचा क्रिस्टल खालच्यावरून एका बर्गर्स व्हेक्टरने उजवीकडे सरकला. वलय कडांपर्यंत जाऊन बाहेर पडलं की बाजूच्या पृष्ठभागावर पाव नॅनोमीटरची पायरी उरते. अशा शेकडो पायऱ्या जवळजवळच्या प्लेनवर साठल्या की पॉलिश केलेल्या नमुन्यावर मायक्रोस्कोपखाली स्लिप रेषा दिसतात.

तपासणी: तुमच्या आकृतीत स्क्रूची चाल आणि बर्गर्स व्हेक्टर समांतर आले असतील तर इथेच थांबा आणि आकृती नव्याने काढा.

## ४. चालू स्लिप सिस्टिम शोधा

आता आकडे. एफसीसीत ४ प्लेन आणि प्रत्येकावर ३ दिशा, मिळून १२ सिस्टिम. ओढ [१ २ ३] दिशेने आहे. श्मिड फॅक्टर म्हणजे दोन कोसाइनचा गुणाकार: एक कोसाइन ओढ आणि प्लेनचा लंब यांच्यातल्या कोनाचा, म्हणजे फायचा, आणि दुसरा ओढ आणि स्लिपची दिशा यांच्यातल्या कोनाचा, म्हणजे लॅम्डाचा.

कोन काढत बसू नका, थेट डॉट प्रॉडक्ट घ्या. ओढीच्या व्हेक्टरची लांबी वर्गमूळ १४, लंबाची वर्गमूळ ३, दिशेची वर्गमूळ २. तिन्ही धरून छेद १४ × २.४४९, म्हणजे ३४.२९. हा छेद सगळ्या सिस्टिमना सारखाच, म्हणून फक्त अंश मोजायचे. चिन्ह सोडून द्या, उणे आलं तर स्लिप उलट दिशेने होते एवढाच त्याचा अर्थ.

- (१ १ १) प्लेन: लंबाशी डॉट प्रॉडक्ट ६. दिशांशी [१ ० -१] चा २, [० १ -१] चा १, [१ -१ ०] चा १. सर्वांत मोठा अंश १२, श्मिड फॅक्टर ०.३५०.
- (-१ १ १) प्लेन: लंबाशी ४. दिशांशी [१ ० १] चा ४, [१ १ ०] चा ३, [० १ -१] चा १. सर्वांत मोठा अंश १६, श्मिड फॅक्टर ०.४६७.
- (१ -१ १) प्लेन: लंबाशी २. दिशांशी [० १ १] चा ५, [१ १ ०] चा ३, [१ ० -१] चा २. सर्वांत मोठा अंश १०, श्मिड फॅक्टर ०.२९२.
- (१ १ -१) प्लेन: लंबाशी शून्य. ओढ या प्लेनमध्येच पडते, त्यामुळे इथे स्लिपचा प्रश्नच नाही.

म्हणजे पहिली चालू होणारी सिस्टिम (-१ १ १)[१ ० १]. लागणारा ओढीचा स्ट्रेस ०.७० भागिले ०.४६७, म्हणजे १.५० मेगापास्कल.

नेमक्या चुका कुठे होतात तेही बघा.

पहिली चूक: प्लेनवर नसलेली दिशा निवडणं. (१ १ १) बरोबर [१ १ ०] लिहिणारे कितीतरी असतात. प्लेन आणि दिशा यांच्या आकड्यांचा डॉट प्रॉडक्ट शून्य आलाच पाहिजे. इथे तो २ येतो, म्हणजे ती दिशा त्या प्लेनमधून बाहेर जाते. प्रत्येक जोडीला ही तपासणी करा, पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरी चूक: फाय हा कोन प्लेनपासून मोजणं. प्रश्नात "स्लिप प्लेन ओढीशी ३८ अंश करतं" असं दिलं असेल तर फाय ५२ अंश. हा सापळा मुद्दाम लावलेला असतो.

तिसरी चूक: फाय आणि लॅम्डा यांची बेरीज ९० धरणं. आपल्या उदाहरणात फाय ५१.९ आणि लॅम्डा ४०.९ अंश, बेरीज ९२.८. ओढ, लंब आणि स्लिपची दिशा तिन्ही एकाच प्लेनमध्ये असतील तरच बेरीज ९० होते.

चौथी चूक: सर्वांत मोठा डॉट प्रॉडक्ट बघून निवड करणं. (१ १ १) चा लंबाशी ६ सर्वांत मोठा आहे आणि [० १ १] चा दिशेशी ५ सर्वांत मोठा आहे, पण जिंकला ४ × ४. गुणाकारच बघायचा.

तपासणी: श्मिड फॅक्टर ०.५ पेक्षा मोठा कधीच येत नाही आणि दोन कोनांची बेरीज ९० पेक्षा कमी कधीच येत नाही. यातली एक अट जरी मोडली तरी मागे जा.

वेळ कमी असेल तर एफसीसीसाठी झटपट पडताळा आहे. ओढीच्या तीन आकड्यांपैकी मधल्या मोठेपणाच्या आकड्याजागी शून्य ठेवा, त्यावरून स्लिपची दिशा मिळते. सर्वांत लहान आकड्याचं चिन्ह उलटं करा, त्यावरून प्लेन मिळतं. [१ २ ३] मध्ये मधला २ गेला, दिशा [१ ० १]. सर्वांत लहान १ चं चिन्ह उलटलं, प्लेन (-१ १ १). पण [१ १ २] सारखी सममित दिशा असेल तर एकापेक्षा जास्त सिस्टिम एकदम चालू होतात, तिथे पूर्ण तक्ताच मांडा.

बीसीसीसाठी सावधान: लोखंड, टंगस्टन, मॉलिब्डेनम यांच्यात स्क्रू डिस्लोकेशनचा गाभा एका प्लेनवर सपाट बसलेला नसतो. त्यामुळे श्मिडचा नियम तिथे तंतोतंत पाळला जात नाही. ओढ आणि दाब यांत फरक पडतो आणि तापमान उतरलं की लागणारा स्ट्रेस झपाट्याने वाढतो. परीक्षेत सूत्र वापरा, पण खऱ्या मोजमापाशी जुळलं नाही तर नवल वाटून घेऊ नका.

## ५. ओढताना क्रिस्टल फिरतो, ते विसरू नका

वरचं ०.४६७ फक्त स्लिप सुरू होण्याच्या क्षणाचं आहे. ग्रिपमध्ये धरलेला क्रिस्टल स्लिप होत जातो तशी ओढीची दिशा लॅटिसच्या मानाने स्लिपच्या दिशेकडे कलते. आपल्या उदाहरणात [१ २ ३] मध्ये [१ ० १] मिळवत गेलं की पुरतं. पूर्ण एकदा मिळवलं की [२ २ ४], म्हणजे [१ १ २]. तिथे (-१ १ १)[१ ० १] आणि (१ -१ १)[० १ १] या दोन्ही सिस्टिमचा श्मिड फॅक्टर ०.४०८ होतो आणि दुसरी सिस्टिमही कामाला लागते. लांबी किती वाढली? वर्गमूळ २४ भागिले वर्गमूळ १४, म्हणजे १.३१ पट. शिअर स्ट्रेन ०.६१.

प्रश्नात "मोठ्या विकृतीनंतर" असे शब्द असतील तर सुरुवातीचा श्मिड फॅक्टर वापरून चालणार नाही. आणि ओढीऐवजी दाब असेल तर दाबाची दिशा प्लेनच्या लंबाकडे कलते, स्लिपच्या दिशेकडे नाही.

## ६. रेषेवरचं बळ आणि अडथळा

डिस्लोकेशनच्या एकक लांबीवरचं बळ म्हणजे शिअर स्ट्रेस गुणिले बर्गर्स व्हेक्टर, आणि त्याची दिशा प्रत्येक बिंदूवर रेषेला काटकोनात. हे बळ स्ट्रेसच्या दिशेने दाखवणं ही इथली एकमेव मोठी चूक. तिसऱ्या पायरीतलं वलय आठवलं की ती होत नाही.

दोन टोकं अडकलेली रेषा या बळाने धनुष्यासारखी फुगते. अर्धवर्तुळ होईपर्यंत लागणारा स्ट्रेस वाढत जातो, त्यानंतर ती आपोआप पसरते आणि नवं वलय सोडते. यालाच फ्रँक-रीड स्रोत म्हणतात. लागणारा स्ट्रेस साधारण शिअर मॉड्युलस गुणिले बर्गर्स व्हेक्टर भागिले अडकलेल्या टोकांमधलं अंतर. आपल्या ०.७० मेगापास्कलसाठी हे अंतर सुमारे १७.५ मायक्रोमीटर येतं. चांगल्या तापवून मऊ केलेल्या क्रिस्टलला ते शोभणारं आहे.

हे सूत्र वापरताना लोक गिगापास्कल आणि नॅनोमीटर तसेच ठेवतात आणि उत्तर हजारपटीने चुकवतात. आधी सगळं पास्कल आणि मीटरमध्ये आणा.

एफसीसीत आणखी एक गोष्ट धरावी लागते. पूर्ण डिस्लोकेशन फुटून दोन अपूर्ण डिस्लोकेशन होतात. आपल्या सिस्टिममध्ये अर्धा [१ ० १] फुटून एक षष्ठांश [२ १ १] आणि एक षष्ठांश [१ -१ २] होतात. दोन गोष्टी तपासा: बेरीज जुळते का, आणि दोन्ही तुकडे (-१ १ १) प्लेनमध्ये आहेत का. मग लांबीचे वर्ग घ्या: आधी लॅटिस पॅरामीटरच्या वर्गाचा अर्धा भाग, नंतर दोन्हींचा मिळून तिसरा हिस्सा. ऊर्जा कमी झाली, म्हणून फूट होते. दोन तुकड्यांमध्ये स्टॅकिंग फॉल्टची, म्हणजे थरांचा क्रम चुकलेली, पट्टी राहते. ॲल्युमिनियममध्ये त्या फॉल्टची ऊर्जा जास्त, म्हणून पट्टी अरुंद आणि क्रॉस स्लिप सोपी. चांदी आणि पितळेत ती कमी, म्हणून पट्टी रुंद आणि क्रॉस स्लिप अवघड. तांबं यांच्या मध्ये.

## ७. डिस्लोकेशनच्या चालीवरून स्ट्रेन

शिअर स्ट्रेन म्हणजे चालत्या डिस्लोकेशनची घनता गुणिले बर्गर्स व्हेक्टर गुणिले प्रत्येकाने सरासरी कापलेलं अंतर. घनता दर चौरस मीटरला १० चा १२ वा घात आणि अंतर १० मायक्रोमीटर धरा. उत्तर ०.००२६, म्हणजे पाव टक्क्याच्या जरा वर. स्ट्रेनचा दर हवा असेल तर अंतराऐवजी वेग घाला.

"चालत्या" या शब्दावर लक्ष द्या. जाळ्यात अडकून पडलेली डिस्लोकेशन घनतेत मोजली जातात, पण स्ट्रेन देत नाहीत. प्रश्नात दोन घनता दिल्या असतील तर स्ट्रेनसाठी चालती घ्यायची, ताकदीसाठी एकूण.

तपासणी: घनतेचं एकक दर चौरस मीटर असं आहे. घनमीटरमधली एकूण लांबी भागिले घनमीटर, म्हणून. दर घनमीटर असं लिहिलं की स्ट्रेनला एकक चिकटतं, आणि स्ट्रेनला एकक नसतं.

## ८. सिंगल क्रिस्टलवरून खऱ्या पत्र्याकडे

बाजारातला तांब्याचा पत्रा असंख्य ग्रेनचा बनलेला असतो. प्रत्येक ग्रेनला शेजाऱ्यांशी जुळवून आकार बदलावा लागतो, त्यासाठी ५ स्वतंत्र स्लिप सिस्टिम लागतात. एफसीसीत त्या सहज मिळतात. मॅग्नेशियमच्या बेसल प्लेनवर (षटकोनी रचनेच्या तळाच्या थरावर) स्वतंत्र अशा दोनच मिळतात, म्हणून साध्या तापमानाला तो पत्रा वाकवताना तडकतो.

इथे श्मिड फॅक्टर ०.५ धरून ताकद दुप्पट लिहू नका. एफसीसीच्या बहुग्रेनी धातूसाठी टेलर फॅक्टर ३.०६ घ्या: ओढीचा स्ट्रेस म्हणजे शिअर स्ट्रेसच्या ३.०६ पट.

डिस्लोकेशन एकमेकांना अडवतात, म्हणून घनता वाढली की ताकद वाढते. वाढलेला शिअर स्ट्रेस म्हणजे एक स्थिरांक गुणिले शिअर मॉड्युलस गुणिले बर्गर्स व्हेक्टर गुणिले घनतेचं वर्गमूळ. स्थिरांक ०.२ ते ०.५ च्या मध्ये, आपण ०.३ घेऊ. भरपूर ठोकलेल्या किंवा लाटलेल्या तांब्यात घनता दर चौरस मीटरला १० चा १५ वा घात इतकी होते. गणित करा: शिअर स्ट्रेस ११६ मेगापास्कल, त्याच्या ३.०६ पट म्हणजे सुमारे ३५५ मेगापास्कल. कठीण स्थितीतल्या तांब्याच्या पत्र्याची खरी ताकद याच पट्ट्यात असते.

पुण्यातल्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम (हातोडीने खळगे पाडण्याचं काम) होतं, तेव्हा हातोडीच्या प्रत्येक ठोक्यात हेच घडत असतं. खळगे चमकतात, आणि त्याबरोबर भांड्याच्या भिंतीत डिस्लोकेशनची गर्दी होऊन ती ताठ होते. घडवताना पत्रा फार ताठ झाला की तापवावा लागतो. नवे ग्रेन तयार होतात, घनता काही हजार पटींनी उतरते आणि पत्रा पुन्हा हातोडीला दाद देतो. मठार शेवटी का मारायचा, हे यातून कळतं: त्यानंतर भांडं तापवून मऊ केलं तर दिसायला मठार राहील, पण आलेला ताठपणा निघून जाईल.

या पायरीवरची नेहमीची चूक वर्गमूळाची. घनता १०० पट झाली म्हणून ताकद १०० पट होत नाही, त्यातला डिस्लोकेशनचा वाटा १० पट होतो. आणि मूळ घर्षणाचा स्ट्रेस वेगळा मिळवायचा असतो, तो वर्गमूळात ढकलायचा नसतो.

## ९. उत्तर लिहिताना

सिस्टिम लिहिताना प्लेन आणि दिशा दोन्ही, चिन्हांसह. स्ट्रेस लिहिताना तो शिअर आहे की ओढीचा, हे शब्दात. बर्गर्स व्हेक्टर लिहिताना रेषेची दिशा कशी धरली ते एका ओळीत.

शेवटी आकड्याचा मोठेपणा बघा. अख्खं प्लेन एकदम सरकवायला लागणारा स्ट्रेस शिअर मॉड्युलस भागिले २π, म्हणजे तांब्यासाठी सुमारे ७.६ गिगापास्कल. डिस्लोकेशन असलेल्या मऊ क्रिस्टलला आपल्याला ०.७० मेगापास्कल पुरला, म्हणजे त्याच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी. मऊ सिंगल क्रिस्टलच्या प्रश्नात तुमचं उत्तर गिगापास्कलमध्ये येत असेल, तर एककं तपासायला सहाव्या पायरीवर परत जा.